दोन भावांची दोन इंजिनं

आमच्या थोरल्या दिरांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती वाटते. एक, फळीवर ओळीने मांडलेल्या कवळ्या. आणि दुसरे, खुद्द दादा. त्यातल्या त्यात कवळ्या बऱ्या, त्या निदान हसतात तरी.

कवळ्या करणं हा दादांचा धंदा. दातांचे डॉक्टर माप घेतात, साचा पाठवतात आणि दादा पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसून एकेक दात मेणात बसवतात. जन्मभर या माणसाने परक्यांच्या तोंडात हसू बसवलं आणि स्वतःचं तोंड मात्र कायम काढा प्यायल्यासारखं ठेवलं. लग्न केलं नाही. कोण करणार होतं म्हणा. पण काम असं चोख, की डॉक्टर लोक वाट बघत थांबतील, पण कवळी करून घेतील ती यांच्याकडूनच. "एकाचे दात दुसऱ्याच्या तोंडात गेले असं माझ्या हातून कधी झालेलं नाही," हे दादांचं ठरलेलं वाक्य. कुणी विचारो न विचारो, ते ऐकवायचे.

मागच्या खोलीत मात्र दातांचं नाव काढायचं नाही. तिथे भिंतींना काचेची कपाटं आणि कपाटांत जुनी इंजिनं. गाडीची नव्हेत. हौशी लोक लाकडाच्या पट्ट्या आणि पातळ कागद जोडून लहान लहान विमानं करतात ना, त्यांच्या नाकात बसवायची. काही मुठीत मावतील एवढी, काही तर अंगठ्याएवढी, पण आत पिस्टन, सिलिंडर सगळं खरं आणि पंख्याला टिचकी मारली की कानठळ्या बसवतील अशी. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा त्यांना खेळणी म्हटलं होतं. दादा आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते.

दादा आणि माझा नवरा सख्खे भाऊ, पण एकमेकांशी बोलत नसत. आता तुम्ही विचाराल, मग मी दिरांकडे जायचे कशी? जायचे. नवरा दिराशी बोलत नाही म्हणून मीही बोलायचं नाही, असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. माझं शिवणकाम आहे. दादांना प्रत्येक इंजिनासाठी मऊ कापडाची नाडीची पिशवी लागायची, ती मी शिवून द्यायचे. माप घेताना इंजिन हातात घ्यावं लागे आणि इंजिन हातात दिलं की दादांचं तोंड सुटे. एरवी दहा प्रश्नांना एक हुंकार देणारा माणूस, पण इंजिनावर आला की थांबता थांबायचा नाही.

त्यामुळे नको असताना मला या इंजिनांचा सगळा इतिहास पाठ झाला. सगळ्यात जुनी ती ठिणगीवर चालणारी. त्यांच्यासोबत विमानात बॅटरी आणि तारांचं वेटोळंही न्यावं लागायचं, म्हणजे नवरीपेक्षा सामानच जड. मग दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला ठिणगीशिवाय पेटणारी निघाली. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण आत इतकं दाबायचं की ते आपलं आपणच पेटतं. युद्ध संपल्यावर तारेची बारीक गुंडाळी लाल तापवून पेटवायची तऱ्हा आली. छोट्या छोट्या कारखान्यांतून, कुठे कुठे तर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही इंजिनं होत. एखादा कारखाना पाच-सात वर्षं चाले आणि बंद पडे. मग त्याची इंजिनं शोधत दादांसारखे लोक फिरत. आता विजेच्या मोटरी आल्या आहेत, बटण दाबलं की काम झालं. दादा त्यांना टेबलफॅन म्हणतात.

या लोकांत एक बोलणं आहे, एरंडेल पोटात गेलं तर सगळं मोकळं करतं आणि इंजिनात राहिलं तर सगळं जाम करतं. इंजिन वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतलं एरंडेल वाळून लाखेसारखं होतं. मग कुणाचे आजोबा जातात, माळ्यावर डबा सापडतो, डब्यात इंजिन आणि ते हलत नाही. घरातला एखादा शहाणा त्याला पक्कड लावतो आणि आतला दांडा मोडतो. पक्कड लावलेलं इंजिन दादांना दुरूनही कळायचं आणि आणणाऱ्याची ते अशी हजेरी घेत की तो पुन्हा पकडीला हात लावणार नाही. त्यांची स्वतःची पद्धत सोपी होती. मेण वितळवायच्या शेगडीवर तेल कोमट करायचं, इंजिन त्यात ठेवायचं आणि गप्प बसायचं. घाई करायची नाही. अशी कितीतरी लोकांची इंजिनं त्यांनी मोकळी करून दिली.

फक्त सख्ख्या भावाचं तेवढं राहिलं.

आमचे हे धाकटे. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचे. स्वभाव अगदी उलटा, चार माणसांत रमणारा, घरात आले की आधी हसण्याचा आवाज यायचा आणि मग माणूस. दोघा भावांना विमानांचा नाद एकाच वयात लागला. तारेवरची विमानं उडवायचे. उडवणारा मैदानाच्या मधोमध हातात मूठ धरून उभा राहतो, मुठीपासून दोन बारीक पोलादी तारा विमानापर्यंत जातात, विमान त्याच्याभोवती गरागरा फिरतं आणि मूठ हलवली की हवेत कोलांट्या खातं. दोघांनी एकाच छोट्या कारखान्यातून एकाच दिवशी दोन सारखी इंजिनं आणली होती. उडवण्यात हे पुढे होते आणि इंजिन राखण्यात दादा. हे दोघं मैदानात आले की बाकीचे आपापली विमानं खाली ठेवून बघत उभे राहत, असं जुने लोक अजून सांगतात.

मग ती मोठी स्पर्धा आली. जिंकणारा परदेशातल्या सामन्याला जाणार होता. यांनी वर्षभर खपून नवं विमान केलं होतं. आदल्या दिवशी दादांनी दोन्ही इंजिनं खोलून, धुऊन, पुन्हा जोडून दिली. दुसऱ्या दिवशी यांचं विमान चढलं, पहिल्या कोलांट्या सुरेख झाल्या आणि बरोबर डोक्यावर असताना इंजिन अडकलं. डोक्यावर इंजिन थांबलं की तारा ढिल्या पडतात आणि मग विमान तुमच्या हातात नसतं. ते नाकावर आपटलं. वर्षभराचं काम, गोळा करायला एक टोपली लागली. त्यानंतर भावाभावांत मैदानातच काहीतरी बोलाचाली झाली आणि त्या दिवसापासून बोलणं बंद.

हे सगळं माझ्या लग्नाआधीचं. मी आले तेव्हा नातेवाइकांनी दोन तट करून ठेवले होते. एक तट म्हणे, थोरल्याने जळून मुद्दाम इंजिनात काहीतरी केलं. दुसरा तट म्हणे, धाकट्याला हरणं सोसलं नाही म्हणून त्याने देवासारख्या भावावर आळ घेतला. दादांना विचारलं तर ते म्हणत, "माझ्या हातून काही झालेलं नाही." यांना विचारलं तर हे उठून गॅलरीत जात. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. इथे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, मग टाळी वाजणार कुठून? अशी पंचवीस-तीस वर्षं गेली.

मग यांचं हृदय थकलं. आधी जिना चढताना दम लागायचा, मग पलंगावरून खुर्चीत येताना, मग बोलताना. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते मला कळलं. मी दादांकडे गेले आणि म्हटलं, "भावाला भेटून या." दादा साच्यातून मान वर न करता म्हणाले, "त्याने बोलावलं तर येईन." मी घरी येऊन यांना म्हटलं, "दादांना बोलावू का?" हे भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याला यायचं असेल तर तो येईल." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण कुणी केली देव जाणे, पण त्याच्या ओळखीत हे दोघं असणार. मला रात्रंदिवस एकच घोर लागला होता. हा माणूस भावाशी न बोलता गेला, तर तो जाईल आणि मागे राहिलेला जन्मभर जळत राहील.

यांच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी ते इंजिन मोज्यात गुंडाळून ठेवलेलं होतं, हे मला माहीत होतं. त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मी ते न विचारता उचललं, माझ्या शिवणाच्या पिशवीत घातलं आणि दादांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"हे मोकळं करून द्या," मी म्हटलं.

दादांनी मोजा सोडला. ओळखलं. मला वाटलं, आता हाकलून देतात. पण त्यांनी शेगडी पेटवली, तेल ठेवलं आणि इंजिन त्यात सोडलं. पुरेसं तापल्यावर त्यांनी ते फडक्यात धरलं, दांडा दोन बोटांनी जरासा इकडे, जरासा तिकडे केला आणि आत कुठेतरी टक् झालं. इंजिन सुटलं. मग त्यांनी ते खोललं, पिस्टन बाहेर काढला, दोन्ही भाग अगदी स्वच्छ केले, भिंगातून बघितले आणि पिस्टन पुन्हा सिलिंडरमध्ये घालून पाहिला. तो मधेच अडला. पुसून पुन्हा घातला. पुन्हा तिथेच अडला.

"अडकलं तेव्हा खराब झालं असेल," मी म्हटलं.

"ओरखडे बारीक आहेत. त्याने एवढं अडणार नाही," दादा म्हणाले.

मग ते उठले. कोपऱ्यातल्या कपाटातून त्यांनी स्वतःचं इंजिन काढलं, त्याच दिवशी आणलेलं, तसलंच. ते खोलताना मी त्यांची बोटं बघत होते. मेणातला दात केसभर हलू न देणारी बोटं, पण स्क्रू दोनदा निसटला. त्यांनी यांचा पिस्टन आपल्या सिलिंडरमध्ये घातला. तो हलकेच, कुठेही न अडता वर गेला आणि अगदी टोकाला जिथे घट्ट व्हायला हवा तिथे घट्ट झाला. मग आपला पिस्टन यांच्या सिलिंडरमध्ये घातला. तोही तसाच गेला.

दादा खुर्चीत बसले. मला काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, झालं काय ते सांगाल का?"

"या इंजिनांत रिंगा नसतात," ते म्हणाले. आवाज इतका खाली की मला वाकावं लागलं. "कारागीर पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांत घासून घासून जोडी जमवतो. दोन इंजिनं दिसायला सारखी असली तरी याचा पिस्टन त्याला चालत नाही. याचा पिस्टन त्याच्यात गेलाय आणि त्याचा याच्यात. त्याचं घट्ट झालं, तेलामुळे जोडताना हाताला कळलं नाही, पण तापल्यावर फुगलं आणि अडकलं. माझं सैल झालं. मला वाटत होतं, माझं झिजलंय."

"आणि हे केलं कुणी?"

"स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी दोन्ही खोलली होती. एकाच ताटलीत रॉकेल घेऊन धुतली." त्यांनी पिस्टन खाली ठेवला. "माझ्या हातून झालं."

जगभरच्या लोकांची इंजिनं या माणसाने खोलून पाहिली होती. हे एकच कोडं उलगडायला दोन इंजिनं एका टेबलावर यायला हवी होती आणि ती येणार कशी? भाऊच एका खोलीत येत नव्हते. मी कपाळावर हात मारला.

"उठा, चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"माझ्या माहेरी. कुठे म्हणजे काय?"

"कोणत्या तोंडाने येऊ?" दादा म्हणाले. "इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, माझ्या हातून काही झालेलं नाही. तो मरायला टेकलाय आणि आता जाऊन त्याला सांगू, की तुझंच खरं होतं? त्याला वाटेल, मी मुद्दामच केलं होतं."

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "आहे त्याच तोंडाने या. लोकांना नवी तोंडं करून देता, तुम्हाला मेलं आपलं एक उघडता येत नाही? त्यांना काय वाटायचं ते वाटू दे. पण वाटायला ते असायला हवेत ना?" आणि पिशवी उचलून घरी निघून आले. इंजिन तिथेच राहिलं. येताना सगळी वाट रडत आले, हे सांगायला लाजत नाही.

यांना मी काही बोलले नाही. त्या दिवशी दादा आले नाहीत. संध्याकाळी यांना दम जास्त लागला, तेव्हा मी मनातल्या मनात दादांचा असा काही उद्धार केला की तो इथे लिहिण्यासारखा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. दादा. इस्त्रीचा सदरा, हातात पत्र्याचा डबा आणि चार मजले चढून धापा टाकताहेत, कारण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीतली लिफ्ट महिनाभर बंद होती. मी बाजूला झाले. ते आत गेले आणि पलंगापाशी उभे राहिले. यांनी डोळे उघडले. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले आणि मला एकदम जाणवलं की दोघंही किती म्हातारे झालेत. त्यांनाही तेच दिसत असणार.

"बस," हे म्हणाले.

दादा बसले नाहीत. त्यांनी डबा उघडून दोन्ही इंजिनांचे सुटे भाग चादरीवर पसरलेल्या फडक्यावर मांडले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पिस्टन, ताटली, रॉकेल. एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाले, "मुद्दाम नव्हतं. पण चूक माझीच. माझ्याच हातून झालं."

यांनी डोळे मिटले. मला वाटलं, दम लागलाय. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी हातानेच बाजूला केला.

"मुद्दाम नव्हतं हे मला त्याच दिवशी माहीत होतं," हे म्हणाले. एकेक शब्दाला थांबत होते. "तू मुद्दाम करशील होय? मी मैदानात तुला एवढंच विचारलं होतं, जोडताना काही चुकलं असेल का? तू म्हणालास, माझ्या हातून चूक होत नाही. चुकलं असेल तर तुझ्या हातून, उडवताना. सगळ्यांसमोर म्हणालास." मग पुन्हा थांबले. "मला इंजिनाचं काही नव्हतं रे दादा. बघतो, एवढं म्हणाला असतास तरी झालं असतं."

दादा मग बसले. खुर्चीत नाही, पलंगाच्या कडेवर, भावाच्या पायांशी. "मग तू का नाही आलास बोलायला?" त्यांनी विचारलं.

"तू मोठा ना. तू यायचं होतंस."

"आलो," दादा म्हणाले.

"उशीर केलास."

दादांनी यांच्या पायांवर हात ठेवला आणि हुंदका देऊन रडले. त्या माणसाला मी कधी हसतानाही पाहिलं नव्हतं, रडताना तर नाहीच. हे त्यांचा हात थोपटत होते. मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि तिथेच उभी राहिले.

त्यानंतर दादा रोज यायचे. पलंगाशी स्टूल ओढून त्यांनी ज्याचा पिस्टन त्याच्या सिलिंडरला दिला आणि इंजिनं पुन्हा जोडली. यांना उठवत नव्हतं, पण दांडा हातात घेऊन फिरवता येत होता. फिरवून हे म्हणायचे, "आता बरोबर लागतंय." मग दोघं जुन्या मैदानाचं बोलत बसायचे. दादा पुन्हा त्या चुकीचं काढू लागले की हे हातानेच थांबवायचे. दादा एवढं बोलू शकतात हे मला तेव्हा कळलं आणि हे एवढं गप्प ऐकू शकतात हेही. मध्येच मी ओरडायचे, की त्यांना दम लागतोय, आता पुरे. दोघं शाळेतल्या पोरांसारखे माझ्याकडे बघायचे आणि मी आत वळले की पुन्हा सुरू. हे असं महिनाभरही चाललं नाही. एका दुपारी झोपेतच हे गेले. दादा स्टुलावर होते आणि बराच वेळ त्यांना वाटत होतं, हे ऐकताहेत.

मला दुःख झालंच, पण त्याहून राग आला. मरणाचा नाही, ते कुणाला चुकलंय? मधल्या वर्षांचा राग आला. त्या वर्षांत ही दोन माणसं काय काय बोलली असती.

आता दोन्ही इंजिनं दादांच्याच कपाटात आहेत. मी अजून पिशव्या शिवून नेते. संग्रह बघायला लोक येतात, लांबून लांबून येतात आणि दादा एकेक इंजिन दाखवतात, कुठल्या साली झालं, कुणी केलं. या दोन इंजिनांपाशी आले की विचारो न विचारो, आल्यागेल्याला सांगतात, "हे माझ्यामुळे बिघडलं होतं. धुताना चूक केली आणि मान्य केली नाही. त्यापायी भाऊ तुटला." समोरचा माणूस अवघडतो, खिडकीबाहेर बघतो. मला तर ते ऐकवतच नाही. मी पुढच्या खोलीत जाऊन कवळ्यांपाशी बसते.

परवा एक पाहुणा गेल्यावर मी म्हटलंच, "दादा, आता पुरे. परक्या माणसांना कशाला सांगत बसता? ज्याला सांगायचं त्याला सांगून झालंय."

दादा पिशवीची नाडी ओढत होते. म्हणाले, "त्याला एकदाच सांगता आलं गं."